जागेवर आणलेली रेषा

१२ नोव्हेंबर २०२०. रुपये एकेचाळीस हजार सहाशे पन्नास.

विश्वंभर ताम्हाणे यांनी आमच्या कारखान्याच्या कामगार पतपेढीतून उचललेली ही रक्कम. मी पतपेढीचा चिटणीस, त्यामुळे मंजुरीची सही माझी आहे. दिवाळी दोन दिवसांवर आली होती, आम्ही सगळे तोंडाला मास्क लावून बसलो होतो आणि ताम्हाणे माझ्या टेबलासमोर अर्ज घेऊन अडले होते. कर्जाचे कारण या रकान्यात चारच पर्याय छापलेले होते: आजारपण, लग्न, शिक्षण, घरदुरुस्ती.

"सबनीस, यातलं एकही बसत नाही हो."

"पैसे हवेत कशाला?"

"आमच्या मोहनाला ताऱ्याचा प्रकाश फोडायचं यंत्र बनवायचंय. कॅमेरा, भिंगं, रेघांची काच, सगळं बाहेरून मागवायचं."

"मग शिक्षण लिहा."

"तिचं शिक्षण कधीच झालं. एम.एस्सी. होऊन दोन वर्षं झाली, शाळेत शिकवते आता."

"मग लग्न लिहा."

"लिहितो की. पण घरी सुनंदाला कळलं तर संध्याकाळी हॉल बघायला निघेल." ते थोडे हसले. "शिक्षणच लिहा."

मी शिक्षण लिहिले. छत्तीस हप्ते.

ताम्हाणे आणि मी एकाच वर्षी या कारखान्यात लागलो. मी बी.कॉम. होऊन हिशेबखात्यात, ते रसायनशास्त्र घेऊन प्रयोगशाळेत. दोघांचेही आजोबा बडोदे संस्थानाच्या नोकरीत होते, दोघांच्याही घरी मराठी बोलतात आणि दोघेही दाराबाहेर पाऊल टाकले की गुजरातीत शिरतो. मांजलपुरात आमच्या सोसायट्या शेजारी शेजारी आहेत. इतकी वर्षे एकाच कंपनीच्या बसने मकरपुऱ्याला गेलो आलो, तेव्हा त्यांच्याबद्दल लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे असे समजतो.

त्यांचे काम सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आमचा कारखाना ओतकामाचा. भट्टीतला रस साच्यात ओतण्याआधी पळीभर बाहेर काढून त्याची छोटी चकती करतात आणि ती घासून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथल्या यंत्रात चकतीवर ठिणगी पाडली की तिच्या प्रकाशाच्या रेषा होतात. प्रत्येक मूलद्रव्याची रेषा आपापल्या ठरलेल्या जागी, आणि रेषा जितकी ठळक तितके ते मूलद्रव्य जास्त. कार्बन किती, क्रोमियम किती, हे ताम्हाणे वाचून सांगेपर्यंत भट्टी थांबलेली असते. मात्र हे यंत्र उष्णतेने सरकते. मकरपुऱ्याच्या उन्हाळ्यात तर फारच. म्हणून रोज सकाळी आधी प्रमाण नमुना लावायचा. तीही एक चकतीच, पण तिच्यात काय किती आहे याचे प्रमाणपत्र कपाटात ठेवलेले. तिच्या रेषा सरकलेल्या दिसल्या की यंत्राचा स्क्रू फिरवून त्या जागेवर आणायच्या. ताम्हाणे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगत, "आकडा हलला की आधी यंत्रावर संशय घ्यायचा. माल मागाहून."

एकदा व्यवस्थापकांनी चार टन माल भंगारात काढायला सांगितला होता, कारण आकडे चुकत होते. ताम्हाण्यांनी हात जोडून दहा मिनिटे मागितली, रेषा जागेवर आणल्या आणि माल चांगला निघाला. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांना दोन जिलब्या जास्त मिळाल्या. बक्षीस म्हणून तेवढेच.

मोहना ही त्यांची एकुलती मुलगी. लहानपणी शाळेला सुट्टी असली की ती प्रयोगशाळेत येऊन बसायची आणि ठिणगी पाहायची. रेषा म्हणजे काय ते तिला तिथेच कळले. दहावीत असताना, २०११ साली, तिने कुठेतरी एका ताऱ्याविषयी वाचले. अनुराधा नक्षत्रातला मधला तारा, विंचवाच्या डोक्यातला. निळसर, अतिशय तापलेला आणि स्वतःभोवती इतक्या जोरात फिरणारा की कमरेशी फुगून त्याचा वायू बाहेर फेकला जातो आणि भोवती त्याचे कडे होते. या ताऱ्याला एक जोडीदार आहे. तो लांबट वाटेने फिरतो आणि सुमारे पावणेअकरा वर्षांतून एकदा ताऱ्याच्या अगदी जवळून झपाट्याने जातो. २०११ च्या जुलैत तो जाणार होता. आमच्याकडे जुलैत काय दिसणार? महिनाभर ढग. मोहना रोज संध्याकाळी अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, जाऊन दुर्बिणीशिवायच उभी राहायची आणि ओली होऊन खाली यायची.

"पुढच्या वेळी मी सव्वीस वर्षांची असेन," असे तिने तेव्हा मला सांगितल्याचे आठवते. मी म्हटले, "तेव्हा तू सासरी असशील." ती म्हणाली, "सासरी अगाशी असेल तरच."

पुढची वेळ म्हणजे २०२२ चा उन्हाळा. उन्हाळा, म्हणजे आकाश स्वच्छ. ती दहा वर्षे त्यासाठी थांबली होती. हे वाक्य मी जपून लिहितो आहे, कारण मध्ये तिने बाकी सगळेही केले. शिकली, शाळेत नोकरी धरली, स्वतःच्या पगारातून दुर्बीण घेतली, नवरात्रात नऊ दिवस गरबा खेळली. पण तो उन्हाळा तिच्या डोक्यातून गेला नाही.

कर्जाचे पैसे मिळाल्यावर बापलेकींनी यंत्र बांधायला घेतले. त्याची पेटी मकरपुऱ्यातल्या एका कारखानदाराने प्लॅस्टिकच्या थरांची छापून दिली. काळी, शिंगाड्यासारखी कोनाकोनाची. सुनंदावहिनी म्हणाल्या, "दिवसभर लोखंडाच्या रेषा, संध्याकाळी आभाळातल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीला भेग पडलीय, ती रेषा तेवढी दिसत नाही यांना."

"काकू, ती सरकत नाही ना," मोहना म्हणाली. आईला ती लाडाने काकू म्हणायची, चाळीतल्या चुलतभावंडांबरोबर वाढल्यामुळे.

२०२१ च्या फेब्रुवारीत यंत्र चालू झाले आणि एका रविवारी मला वर बोलावले. लॅपटॉपवर एक वक्र रेघ होती, तिला मध्ये दोन उंचवटे. मी हिशेबाचा माणूस, मला त्यात शेअरबाजार दिसला. मोहनाने मला समजावले.

"सबनीसकाका, गरब्याचं मोठं रिंगण आठवा. तुम्ही बाहेर खुर्ची टाकून बसलाय. रिंगणाच्या एका बाजूचे लोक तुमच्याकडे येतायत, दुसऱ्या बाजूचे लांब जातायत. बरोबर ने?"

"बरोबर."

"ताऱ्याभोवतीचा वायू तसाच फिरतोय. येणाऱ्यांचा प्रकाश थोडा निळ्याकडे सरकतो, जाणाऱ्यांचा तांबड्याकडे. म्हणून एका रेषेला दोन उंचवटे. कधी डावा मोठा, कधी उजवा. रिंगणात एका बाजूला गर्दी झाली की तसं होतं."

"आणि पुढच्या वर्षी काय होणार?"

"पुढच्या वर्षी जोडीदार इतक्या जवळून जाईल की तो अख्खा तारा ओढेल. म्हणजे रिंगणासकट सगळं मैदानच सरकेल. थोडंसंच, थोडेच दिवस. ते मला पकडायचंय."

ताम्हाणे तेव्हा वायर गुंडाळत होते. त्यांनी हे ऐकले की नाही, मला माहीत नाही. उंचवट्यांविषयी मात्र ते बसमध्ये रोज बोलायचे.

तिची कामाची रीत ठरलेली होती. ताऱ्याकडे वळण्याआधी पेटीच्या फटीसमोर ट्यूबलाइटच्या स्टार्टरमधली काचेची छोटी नळी पेटवायची. तिच्यात निऑन असतो आणि निऑनच्या रेषांच्या जागा पक्क्या असतात. मग ताऱ्याचा पट, म्हणजे त्याच्या फोडलेल्या प्रकाशाची नोंद. मग पुन्हा निऑन. असे केले की प्लॅस्टिकची पेटी उष्णतेने किती सरकली ते कळते आणि तेवढे वजा करता येते. स्टार्टर ती मांडवीतल्या धवलभाईंच्या दुकानातून आणायची. कॉलेजात तिच्याबरोबर असलेली कौमुदी आता पुण्यात ताऱ्यांवरच संशोधन करत होती. दोघींनी ठरवले होते की २०२२ चे पट परदेशातल्या एका संग्रहात पाठवायचे. तिथे जगभरचे हौशी लोक आपले पट देतात आणि प्रत्येक पटाखाली निरीक्षकाचे नाव राहते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये, नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी, मोहनाला ताप भरला. डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी जे करायचे ते केले. तापाच्या पाचव्या दिवशी ती गेली. त्या वर्षी मोठ्या मैदानांवर गरबा नव्हता, सोसायट्यांतच होता. आम्ही तिला घरी आणले तेव्हा शेजारच्या सोसायटीतल्या लोकांनी आपण होऊन भोंगा बंद केला. त्या दिवसाविषयी मी एवढेच लिहू शकतो.

पगाराच्या पावतीवर 'शिक्षण कर्ज हप्ता' ही ओळ छापून येत राहिली. ती काढता येते का ते मी पाहिले. येत नव्हती. ताम्हाणे दर महिन्याला पावती घेऊन, घडी घालून खिशात ठेवत.

जानेवारीत एकदा बसमध्ये ते म्हणाले, "सबनीस, तो उन्हाळा तिच्या नावावर लागला पाहिजे."

"म्हणजे?"

"पट मी काढीन. रेषा मला वाचता येतात, तेवढं तरी मला येतं. निरीक्षक म्हणून नाव तिचं. मोहना विश्वंभर ताम्हाणे, बडोदे. ती दहा वर्षं थांबली, आता बाप सहा महिने अगाशीवर बसू शकत नाही?"

मी म्हटले, जरूर बसा. आणि ते बसले. फेब्रुवारीत विंचू पहाटे दिसतो. ते पहाटे पट काढून बसला येत. एप्रिलनंतर जेवणे उरकली की वर जात. तिची दुर्बीण, तिची पेटी, तिचा लॅपटॉप. सुनंदावहिनी वर जात नसत. त्या थर्मासमध्ये चहा भरून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवत आणि खालूनच हाक मारत, "अहो, ठेवलाय." बोलण्याचे प्रमाण त्या घरात तेवढेच उरले होते. तरी मे महिन्यात एकदा त्यांनी मला विचारले, "भाऊजी, ते दोन उंचवटे म्हणजे आपला गरबाच ना? मोहना तसं म्हणायची." मी हो म्हटले. त्यानंतर त्या रोज सकाळी नवऱ्याला विचारू लागल्या, "काल गरबा दिसला का?" आणि ताम्हाणे "दिसला" म्हणत. एकदा तर ते म्हणाले, "काल उजवीकडे गर्दी होती." वहिनी म्हणाल्या, "तिकडे शरबताची गाडी असेल." कित्येक महिन्यांनी त्या घरात कोणी थट्टा केली, म्हणून मला ती लक्षात आहे.

पावसाचे ढग आल्यावर, जूनअखेर, काम थांबले. ताम्हाण्यांनी सगळे पट नीट नावे देऊन कौमुदीला पाठवले. त्यांच्या चेहऱ्यावर वार्षिक हिशेब जुळल्यावर आमच्या खात्यात असते तशी शांतता होती.

जुलैत एका दुपारी मला कौमुदीचा फोन आला. ताम्हाण्यांकडे एकदोनदा भेट झाली होती, तेवढीच आमची ओळख.

"काका, मी रविवारी बडोद्याला येतेय. ताम्हाणेकाकांकडे जाणार आहे. तुम्ही तिथे असाल का?"

"काय झालं?"

"तुम्ही असा," ती म्हणाली. "मला एकटीला सांगता येणार नाही."

रविवारी वहिनींनी शेवउसळ केली होती. मोहनाच्या मैत्रिणीला आवडते म्हणून. कौमुदीने बशी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. ताम्हाणे लॅपटॉप उघडून खुर्ची पुढे ओढून बसले होते, परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्या मुलासारखे.

"काका, मार्चपर्यंतच्या प्रत्येक पटाबरोबर निऑनच्या दोन फाइली आहेत. एप्रिलपासून नाहीत."

"स्टार्टर गेला. नळीच काळी पडली. पण काही अडलं नाही."

"मग जागा कशावरून ठरवलीत?"

"ताऱ्याच्या हायड्रोजनच्या रेषेवरूनच, त्या दोन उंचवट्यांच्या. तिची जागा जगात सगळीकडे ठरलेली आहे. सहाशे छप्पन्न पूर्णांक अठ्ठावीस. पेटी उन्हाने इतकी सरकत होती, बेचाळीस डिग्री असायचं संध्याकाळीसुद्धा. रोज रेषा हललेली दिसायची. मी प्रत्येक पट सरकवून रेषा जागेवर आणली. बघ, एकावर एक ठेव, केसाचा फरक नाही."

कौमुदीने बशी खाली ठेवली.

"पाण्याच्या रेषा तरी आहेत का काका? हवेतल्या वाफेच्या? त्या बारीक बारीक दिसतात बाजूला. त्या इथल्या हवेच्या असतात, ताऱ्याबरोबर हलत नाहीत. त्यांच्यावरून काढता आलं असतं."

"त्या साफ केल्या. मोहना करायचीच ना साफ."

"ती सगळ्यात शेवटी करायची. आणि साफ न केलेली प्रत वेगळी ठेवायची."

"लॅपटॉप भरत आला होता," ताम्हाणे म्हणाले. "मी फक्त शेवटची, चांगली प्रत ठेवली."

 मला तोवर काहीच कळले नव्हते. वहिनींनाही नाही. पण ताम्हाण्यांना कळले. त्यांना सांगावे लागले नाही. तीसपेक्षा जास्त वर्षे त्यांनी हेच काम केले होते. त्यांनी लॅपटॉपवरची रेघ पाहिली, मग आपले हात पाहिले आणि प्रयोगशाळेत एखाद्या मुलाची चूक काढावी तशा सपाट आवाजात म्हणाले, "म्हणजे मी तपासायच्या नमुन्यालाच प्रमाण धरलं."

कौमुदी रडायला लागली.

मी विचारले, "पण म्हणजे झालं काय?"

ताम्हाण्यांनीच सांगितले. "सबनीस, मैदान सरकणार होतं. गरबा नव्हे, मैदान. त्या थोड्या दिवसांत. ते सरकलंही असेल. पेटीही सरकत होती, त्याहून कितीतरी जास्त. दोन्ही एकात मिसळलेलं. पेटी किती सरकली ते निऑनने कळलं असतं, मग उरलं ते ताऱ्याचं. मी सगळंच पेटीचं समजलो. रोज रात्री ताऱ्याला धरून परत जागेवर आणून बसवलं."

"काका, उंचवटे आहेत," कौमुदी घाईघाईने म्हणाली. "त्यांची उंची, डावंउजवं, ते सगळं खरं आहे. ते उपयोगी आहे. मी तशी टीप लिहून पाठवीन."

"गरबा दिसतो ना त्याच्यात?" वहिनींनी विचारले.

"हो काकू. गरबा दिसतो. स्वच्छ दिसतो."

"मग झालं तर. तिला गरबाच आवडायचा."

"तिला हे बघायचं नव्हतं, सुनंदा," ताम्हाणे म्हणाले. "गरबा काय, ती कधीही बघू शकली असती."

वहिनी उठून आत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ.

कौमुदीने डोळे पुसले आणि समजावू लागली. ती म्हणाली, मोहनाचे नाव राहू द्या, तळाला एक ओळ टाकू की मार्चनंतर जागेचा आधार नाही. असे पुष्कळांचे होते. लोक समजून घेतात.

"नाव बदलायचं," ताम्हाणे म्हणाले.

"काका, असं नका करू."

"ही चूक तिची नाही. ती असती तर दुसऱ्या दिवशी मांडवीला जाऊन स्टार्टर घेऊन आली असती. तिच्या नावाखाली हे कोणी वाचलं तर तिला काय समजेल? अकरा वर्षं थांबली आणि निऑन घ्यायला विसरली?" त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. "तिचं नाव लागावं म्हणून मी हे केलं. आता मीच काढतो. सबनीस, तुम्ही वाचा, मी बदलतो."

आमच्या खात्यात तपासणीची हीच पद्धत आहे. एकाने वाचायचे, दुसऱ्याने बदलायचे, म्हणजे नजरचूक होत नाही. मी तारीख वाचत गेलो. प्रत्येक फाइलीत निरीक्षकाच्या जागी मोहना विश्वंभर ताम्हाणे असे होते. ते पुसून विश्वंभर केशव ताम्हाणे असे ते टाइप करत गेले. फेब्रुवारी आणि मार्चचे पट चांगले होते, निऑनसह होते. मी म्हटले, तेवढे तरी तिच्या नावावर राहू द्या.

"ते मी काढलेत," ते म्हणाले.

"मग सगळे तिच्या नावावर पाठवायचं ठरलं तेव्हा?"

"तेव्हा ते चांगले आहेत असं मला वाटत होतं."

मी पुढची तारीख घेतली. जूनच्या शेवटच्या फाइलीपर्यंत मी वाचत गेलो. २०२१ सालचे, तिने स्वतः काढलेले पट वेगळ्या ठिकाणी होते. त्यांना त्यांनी हात लावला नाही. ते आज त्या संग्रहात तिच्या नावावर आहेत. फेब्रुवारी ते मे, एका उन्हाळ्याचे. पण तो उन्हाळा नव्हे.

कौमुदी निघाली तेव्हा वहिनींनी तिला डब्यात उसळ भरून दिली आणि म्हणाल्या, "गाडीत खा. गरम करून खा असं तरी कसं म्हणू." कौमुदी त्यांच्या पाया पडली. ताम्हाणे दारात उभे होते. त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला.

"पुढची वेळ कधी?"

"२०३३. वर्षाच्या सुरुवातीला," ती म्हणाली. "पहाटे दिसेल."

"आकाश?"

"थंडीचं. स्वच्छ असेल."

त्यांनी मान हलवली. ते तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. हिशेब माझ्याही मनात झाला, त्यांच्याही झाला असणार.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर ते मला म्हणाले, मांडवीला येता का. आम्ही माझ्या स्कूटरवरून गेलो. धवलभाईंचे दुकान मांडवीच्या दरवाजापासून चार दुकाने सोडून, आत अंधार आणि बाहेर माळांचे दिवे. ताम्हाण्यांनी ट्यूबलाइटचे स्टार्टर मागितले.

"हवे कोण वापरे छे, साहेब?" धवलभाई म्हणाले. आता सगळीकडे एलईडी, स्टार्टर घेतो कोण? मग त्यांनी ताम्हाण्यांकडे नीट पाहिले. "एक बेन आवती हती. मराठी. दर वखते बे लई जती." एक मुलगी यायची, दर वेळी दोन घेऊन जायची. "एने पूछता के आ शेना माटे, तो कहे, तारा माटे."

कशाला हवे विचारले की ताऱ्यासाठी, असे ती सांगायची.

"हा," ताम्हाणे म्हणाले. "मारी दीकरी."

धवलभाईंनी शिडी लावून वरच्या खणातून धुळीचा खोका काढला. त्यात थोडे शिल्लक होते. त्यांनी दोन फडक्याने पुसून कागदात बांधून दिले. मुलगी कशी आहे, असे त्यांनी विचारले नाही. बहुधा चेहऱ्यावरून कळले असावे. ताम्हाण्यांकडे पाचशेची नोट होती, माझ्याकडेही तीच. गल्ल्यात सुटे नव्हते. "पछी आपजो," मागाहून द्या, असे ते म्हणाले.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कर्जाचे छत्तीस हप्ते पुरे झाले आणि पावतीवरची ती ओळ गेली. ताम्हाणे मागच्या वर्षी निवृत्त झाले, मी येत्या मार्चमध्ये होईन. आकाश मोकळे असले की ते वर जातात. आधी निऑन, मग तारा, मग पुन्हा निऑन, आणि साफ न केलेली प्रत वेगळी ठेवतात. कौमुदी म्हणते, या वर्षांत ताऱ्याच्या जागेत विशेष फरक व्हायचा नाही, जोडीदार लांब गेला आहे. ते त्यांनाही माहीत आहे. वहिनी अजून जिन्यात चहा ठेवतात. सकाळी गरब्याविषयी मात्र विचारत नाहीत.

मी त्यानंतर दोनदा मांडवीला गेलो, दोन्ही वेळा दुकान बंद होते. धवलभाईंचे दोन स्टार्टरचे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.